पट्टा बांधल्याची वेळ

डॉक्टरबाईंनी अंडं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात गवताखाली दडवलं आणि खोक्याची झाकणं एकात एक अडकवली. कोल्हिणीला ती उघडायला फार तर दोन मिनिटं लागणार होती. पुढचा उजवा पाय नसला तरी अंड्याच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. खोक्यावर कुणीतरी खडूने मोठा सात काढून ठेवला होता.

अभयारण्यात सुटका करून आणलेली चाळीसेक जनावरं होती. जन्मतारीख एकाचीही ठाऊक नव्हती, म्हणून जनावर ज्या दिवशी आलं तो दिवस दरवर्षी साजरा व्हायचा. आवडीचा खाऊ खोक्यात लपवायचा, पाहुण्यांना कुंपणाशी उभं करायचं आणि खोकं आत सोडण्याआधी त्या जनावराच्या फायलीतलं पहिलं पान मोठ्याने वाचायचं. जनावर आणलं त्या दिवशीचं पान, जसं लिहिलं तसं. कासवाच्या वेळी पाहुणे चहा पिऊन परत यायचे तरी खोकं उघडलेलं नसायचं. कोल्हिणीचा दिवस मात्र सगळ्यांच्या आवडीचा, आणि नेमक्या त्याच दिवशी डॉक्टरबाईंना दुसऱ्या कुठल्या तरी जनावराचं पोट तपासायची आठवण व्हायची. सहा वर्षं हे जमून गेलं होतं.

"यंदा पान तुम्ही वाचायचं," संचालक खोलीत शिरता शिरता म्हणाले. त्यांच्या काखेत फाईल होती. "लिहिलंत तुम्ही, वाचायचंही तुम्हीच. मला तर ते आता पाठ झालंय."

"माकडाची जखम बघायची आहे मला."

"माकड दुपारी बघा. आज खास पाहुणे आलेत." संचालकांनी आवाज उगाचच खाली आणला. समारंभ म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. "ज्याने फास लावला होता ना, तो कोंबडीवाला. स्वतः पत्र पाठवलं त्याने, येऊ का म्हणून. मी कळवलं, अवश्य या. सगळ्यांसमोर माफी मागणार आहे तो. शाळेची मुलं आलीयत, त्यांच्यावर किती चांगला परिणाम होईल!"

डॉक्टरबाईंनी चटकन वर पाहिलं.

"त्याला कशाला बोलावलंत?"

"अहो, माणसाला पश्चात्ताप झालाय. आपण काय दार लावून घ्यायचं?"

त्यांनी खोकं उचललं आणि त्या बाहेर पडल्या.

कोंबडीवाला झाडाखाली उभा होता. सदऱ्याला कडक इस्त्री, गळ्यापर्यंत बटणं, दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे. केस बरेच गेले होते, पण डॉक्टरबाईंनी त्याला लांबूनच ओळखलं. ज्या कोंबड्या राखायला त्याने फास लावला होता, त्यांच्याच लेकीसुनांची ही अंडी असणार.

"ओळखलंत का मला?" तो म्हणाला. "तिला आणलीत. चालतील ना?"

"चालतील."

"बरी आहे ती?"

"चांगली आहे. पळतेसुद्धा."

तो हसला, पण हसू लगेच आवरलं. ट्रे कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखा तो हातातच धरून राहिला.

"एक विचारायचं होतं. माफी काय, ती मागतोच. फास मीच लावला. पण तुम्हाला फोनही मीच केला होता. ते पेपरात आलं नाही."

"पेपरवाले काय, त्यांना हवं तेवढंच..."

"नाही, तक्रार नाही माझी." तो जरा जवळ आला. "तुम्ही पंज्याला चिमटा काढलात, तेव्हा तिने पाय ओढून घेतला होता ना? मी तिचं डोकं धरून बसलो होतो, माझा सदरा टाकून. तुम्ही म्हणालात, पाय वाचेल. म्हणालात ना?"

डॉक्टरबाई खोक्याच्या कडा नीट करत राहिल्या.

"घरी जाऊन मुलीला तेच सांगितलं. ती तेव्हा शाळेत होती, जनावरांची वेडी. दोन दिवसांनी पेपरात आलं, पाय फासातच गेला होता. वर हातात तार घेतलेला माझा फोटो. मुलगी म्हणाली, बाबा, केलंत ते केलंत, वर खोटं तरी बोलू नका. आता नोकरीला लागली, लांब राहते. फोन केला की कामापुरतं बोलते. आज चल म्हटलं तर नको म्हणाली." त्याने ट्रे सावरून धरला. "सात वर्षं झाली. आता मलाच वाटायला लागलंय, की भास झाला असेल."

त्याला फक्त एक 'हो' हवा होता.

"सात वर्षं झाली हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतकं बारीक आता आठवत नाही."

"खरंय. तुमचं रोजचंच काम. कसं आठवणार?"

त्याने इतक्या समजूतदारपणे मान हलवली की डॉक्टरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसायला सोप्या गेल्या असत्या.

आठवत कसं नव्हतं! तार तोडल्याबरोबर रक्ताची धार लागली होती. त्यांनी पायाच्या वरच्या भागाला रबरी पट्टा आवळला, चिकटपट्टीच्या तुकड्यावर वेळ लिहिली आणि तो तुकडा कोल्हिणीच्या कपाळावर चिकटवला. असा पट्टा आवळला की तो वीस-वीस मिनिटांनी सैल करायचाच, नाहीतर खालचा पाय मरतो. शिकाऊ पोरांकडून डॉक्टरबाई हे पहिल्याच दिवशी घोकून घेत. कपाळावर वेळ लिहायची ती एवढ्यासाठीच, की जनावराकडे नजर गेली की आधी ती दिसावी.

पण नजर गेलीच नाही. गाडी सुटली आणि वर्तमानपत्राचा फोन आला. मग दुसऱ्याचा. डॉक्टरबाई रंगात आल्या. सुटका कशी केली, किती कठीण होतं, वेळेवर पोचलो नसतो तर काय झालं असतं. "अशी माणसं पाहिली की माणूस असल्याची लाज वाटते," असंही त्या बोलून गेल्या, आणि तेच वाक्य पुढे मोठ्या अक्षरांत छापून आलं. फोन संपल्यावर त्यांना डुलकी लागली. गाडी चालवणाऱ्या मामांनी आरशातून दोनदा मागे पाहिलं होतं, बोलले मात्र नाहीत. डॉक्टरांना डॉक्टरकी कोण शिकवणार? पोचेपर्यंत पंजा काळा आणि थंडगार पडला होता. चिमटा काढला तर कोल्हीण नुसती बघत राहिली.

मग त्यांनी चिकटपट्टी काढून चुरगळून खिशात टाकली, आणि फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलं : पंज्याला संवेदना नाही, पाय जागेवरच गेलेला. खाली पट्टा बांधल्याची आणि सोडल्याची वेळ लिहायचे दोन छापील रकाने होते. ते त्यांनी कोरे ठेवले.

मामांनी कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त दरवर्षी या दिवशी ते समारंभाला न येता लांब नळापाशी गाडी धूत बसायचे. आजही धूत होते.

पाहुणे कुंपणाशी जमले. मुलं पुढे, मोठी माणसं मागे. राखणदार खोकं घेऊन कुंपणाच्या आत गेला. संचालकांनी माईक कोंबडीवाल्याच्या हातात दिला. त्याने अजून ट्रे सोडला नव्हता, तो एका हातावर तोलून धरला.

"मी फास लावला होता," तो म्हणाला. "भटक्या कुत्र्यांसाठी लावला होता, पण ते काही कारण नाही. हिचा पाय माझ्यामुळे गेला. हिची माफी मागतो, तुमचीही मागतो."

पाठ केलेलं असावं, कारण शेवटी तो एकदम थांबला आणि पुढे काय करायचं ते त्याला सुचेना. टाळ्या वाजल्या. एका बाईंनी डोळे पुसले. संचालकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, माईक काढून डॉक्टरबाईंना दिला आणि समोर फाईल उघडून धरली.

डॉक्टरबाई वाचू लागल्या. तारीख, ठिकाण, मादी, वय अंदाजे दोन वर्षं. स्वतःचंच अक्षर, किती ठाम दिसत होतं.

"पुढचा उजवा पाय तारेत अडकलेला. रक्तस्राव. पंज्याला..."

लांबवर नळाचं पाणी बंद झालं. मामा हातात ओलं फडकं घेऊन उभे राहिले होते.

"पंज्याला संवेदना आहे," डॉक्टरबाईंनी वाचलं. "चिमटा काढल्यावर पाय ओढून घेते. पट्टा बांधल्याची वेळ, बारा चाळीस. सोडल्याची वेळ, तीन दहा."

"अहो, असं कुठे आहे?" संचालक हसत पुढे वाकले. "'संवेदना नाही, पाय जागेवरच गेलेला.' मला पाठ आहे ना! आणि हे रकाने तर कोरे आहेत. चष्मा आणू का तुमचा?"

लोक मोकळेपणाने हसले. आतल्या राखणदाराला वाटलं वाचन संपलं, त्याने खोकं सोडून दिलं. झुडपातून कोल्हीण तीन पायांवर टणटण उड्या मारत आली. मुलांनी एकच गिल्ला केला आणि सगळ्यांची तोंडं कुंपणाकडे वळली.

डॉक्टरबाईंच्या हातातला माईक खाली आला होता.

"तसं लिहिलंय मी. खरं नाहीये ते," त्या म्हणाल्या. "पट्टा मी आवळला होता. मध्ये सैल करायला हवा होता. मी फोनवर बोलत बसले, मग झोपले. अडीच तास तो तसाच राहिला. पाय माझ्यामुळे गेला."

ऐकलं दोघांनीच. संचालकांनी आणि कोंबडीवाल्याने. बाकीचे, कोल्हीण झाकण दातांनी कशी उचकटते ते पाहण्यात दंग होते. कुणाला ऐकू गेलं नाही हे लक्षात आल्याबरोबर डॉक्टरबाईंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची इतकी शरम वाटली की त्यांना मान वर करवेना.

"हे आत्ता कशाला?" संचालक पुटपुटले. त्यांनी हळूच फाईल मिटली. "आपण नंतर बोलू. आत बसून बोलू."

आत खोकं फाटलं, अंडं फुटलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंबडीवाला खाली वाकला आणि त्याने ट्रे जमिनीवर ठेवला, एकही अंडं हलणार नाही अशा बेताने. मग सरळ उभा राहिला.

"गरम होता पाय," तो म्हणाला. "हाताला लागला होता माझ्या."

"हो. गरम होता."

"म्हणजे भास नव्हता."

"नव्हता."

डॉक्टरबाईंना वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं. पण त्याने वरच्या खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरून एक नंबर लावला आणि मोबाइल त्यांच्यापुढे केला.

"मी सांगितलं तर ती ठेवून देईल," तो म्हणाला. "तुम्ही बोला."

डॉक्टरबाईंनी मोबाइल घेतला आणि कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत होती. कुंपणाच्या आत कोल्हीण कागदाला लागलेला बलक चाटत होती. घंटी थांबली.

"हं बाबा, पटकन बोला. कामात आहे मी."