उताराची जागा

शनिवारी सकाळी बेकर्सफील्डहून निघायचं आणि टेकडीवरच्या त्या हॉटेलात जायचं, हे ऑर्विलच्या आता जिवावर यायचं. तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. पण दाराशी गाड्या लावायची जागा उताराची होती, म्हणून तो गप्प राही.

त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. तरुणपणी त्याने मोटारसायकलवरचं नको ते सगळं उतरवलं होतं, पुढचं मडगार्ड, इंडिकेटर, मागची सीट. उरली दोन चाकं, इंजिन, स्प्रिंगांवरची एकट्यापुरती बैठक आणि किक. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांना तो मिक्सर म्हणायचा. आता किक मारली की कळ थेट मस्तकात जाई. मग घरी कालव्याच्या बांधावरून आणि इथे या उतारावरून गाडी गिअरमध्ये टाकून सोडायची, की होई चालू. दर शनिवारी सोबत गाड्या काढणाऱ्या तिघा जुन्या मित्रांना कळलं तर ‘विकून टाक’ म्हणतील, ही धास्ती.

आज बाहेर येऊन बघतो तर दुधाचा ट्रक उताराच्या तोंडाशीच आडवा. मागची सपाट वाट तेवढी मोकळी. ट्रक हलवायला सांगावं, तर कशासाठी ते सांगावं लागणार.

त्याने किकवर पाय ठेवला. एकाची गाडी चालू होईपर्यंत बाकीच्यांनी आपली चालू करायची नाही आणि त्याच्याकडे बघायचंही नाही, ही त्यांची जुनी रीत. लेलँडने पाठ फिरवली. बाकीचे दोघे आभाळ न्याहाळू लागले.

इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा मारली, आणि ऑर्विल मटकन पायरीवर बसला.

“लेलँड.”

“काय?” पाठ तशीच.

“गुडघा गेलाय माझा.”

“माहितीय.”

“माहितीय? मग बोलला नाहीस ते?”

“तू तरी कुठे बोललास? आम्ही काय ही घाण कॉफी हौसेनं पितो? आपलं गाव पोळपाटासारखं सपाट, लेका. उतार शोधत शोधत इथवर आलो.”

गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा ऑर्विल ते लपवूनच जास्त दमला होता.

“आता विक म्हणाल.”

“विकतोस कशाला? ढकलायला तिघं आहोत की. रॉस्कोला हर्निया आहे, तो नुसत्या शिव्या घालेल.”

“घालणारच!” रॉस्को आभाळाकडे बघतच म्हणाला.

“पुढच्या शनिवारी मग गावातच जाऊ,” ऑर्विल उठत म्हणाला. “कालव्यापलीकडे. पॅनकेक चांगले असतात तिथे.”

“सपाट आहे तिथं.”

“म्हणून तर म्हणतोय.”

दोघांनी धापा टाकत त्याला सपाट वाटेवर ढकललं, रॉस्कोने शिव्या घातल्या. इंजिनाला धक्का बसला, ते गुरगुरलं आणि चालू झालं. वळणाशी तो थांबला. मागे तीन म्हातारे एकामागून एक किका मारत होते. तिसरं इंजिन कानावर येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.