डावीकडचा उजेड

ही गोष्ट एकोणीसशे बहात्तर सालची. धाकट्याच्या डोक्यात तेव्हा जुन्या चित्रांनी घर केलं होतं. एखादं नामांकित तैलचित्र घ्यायचं, तसेच कपडे घालून माणसं तशीच बसवायची आणि चित्र हुबेहूब जुळलं की मग त्यांनी हलायचं. झाली पाच मिनिटांची फिल्म. कपडे शिवायला घरचीच थोरली बहीण, अक्का.

त्या चित्रांत उजेड डावीकडून येई. घरात तसा उजेड एकाच खोलीत होता, आईच्या. आई अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून रस्ता बघायचा, एवढाच तिचा विरंगुळा.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आई," असं म्हणून धाकट्याने तिची खाट मागच्या अडगळीच्या खोलीत हलवली. तिथे खिडकीच नव्हती.

एक फिल्म संपली की दुसरी सुरू. महिने गेले. आई रोज विचारी, "अक्का, माझी खोली रिकामी झाली का गं?"

"होईल हं," अक्का सुईत दोरा ओवत म्हणे.

मग धाकट्याने मरणाला टेकलेल्या म्हातारीचं चित्र निवडलं. "आईसारखी अस्सल बाई कुठे मिळायची!" आईला खाटेसकट उचलून तिच्याच खोलीत आणलं. तिची नजर थेट रस्त्यावर.

"आई, डोळे मीट. चित्रातली बाई बाहेर बघत नाही."

"बघू दे की रे जरा. किती दिवसांनी बघतेय!"

"आधी चित्र जुळू दे!"

तिने मुकाट डोळे मिटले. शॉट झाल्यावर तिने विचारलं, "आता मी इथेच ना?"

"अजून थोडं काम आहे, आई."

खाट पुन्हा मागे गेली. चहा पिताना कॅमेरावाला अक्काला सहज म्हणाला, "एवढी उठाठेव कशाला केलीत? बैठकीत उजेड उजवीकडून येतो. तिथेच घेऊन फिल्म उलटी छापली, की उजवं ते डावं."

अक्काने भावाला गाठलं. "तुला हे माहीत होतं?"

"होतं की. पण बैठक अडवली तर आल्यागेल्याने बसायचं कुठे?"

"आत्ताच्या आत्ता तिची खाट जागेवर ने."

"सेट उभा आहे, अक्का. हा आठवडा जाऊ दे."

आठवडा जायच्या आत आईच गेली.

फिल्मला बक्षीस मिळालं. धाकटा पुढे नावारूपाला आला. आईने कलेसाठी स्वतःची खोली दिली, असं भाषणांत सांगून टाळ्या घेतो. कॅमेरावाल्याने फोटो स्टुडिओ काढला, बरा चालला. अक्का परगावी शिवणकाम शिकवायला गेली, तिथेच म्हातारी झाली. भावाने दोनदा बोलावणं धाडलं. पहिल्या खेपेला येत नाही म्हणून तिने कळवलं. दुसऱ्या खेपेला तेवढंही नाही.