पाल्याच्या छपराखालची शेवंतामावशी

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात भिजवलेल्या मातीला शेणाचा आणि भाताच्या तुसाचा वास सुटला, की शेवंतामावशीचे हात आठवतात; कोपरापर्यंत माखलेले, बोटांच्या भेगांत राखेची करडी रेघ जपणारे. शिराळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात चूल घालावी ती तिनेच. ती चुलीशेजारी मंद आचेचा वैल जोडी, मागे भांडी टेकायला भानवस रेखी. आणि बाहत्तरच्या सुमारास आमच्या तरुण मंडळाने घराघरांतला धूर हटवायची मोहीम काढली, तेव्हा पाइप बसवून धुराडीही तीच उभारू लागली.

पत्रकात मी ‘धूम्रनिर्गमन-नलिका’ असं लिहिलं होतं. वाचून दाखवलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली. “आरं पुढाऱ्या, एवढं नाव घेईस्तवर भाकरी करपली की! धुराडं म्हन.”

धुराडं उभं राहिलं, की ती वाळक्या पाल्याचा बोळा पेटवून चुलीत सारायची आणि डोळे मिटून पाइपला कान लावायची. आत वारा गुणगुणू लागला, की त्या सुरकुतल्या चेहऱ्यावर पहाट फुटावी तसं काही उमलायचं. “घेतला बग घरानं श्वास,” म्हणायची; आणि मग तिला स्वतःला खोकल्याची उबळ यायची, फाटक्या भात्यासारखी, लवकर न शमणारी.

कारण तिच्या घराला श्वासच नव्हता. उसाच्या पाल्याचं छप्पर, वाकून शिरावं असं दार, आणि तुरकाट्यांचा, शेणींचा धूर त्या एकट्या विधवेभोवती दुसऱ्या लुगड्यासारखा गुंडाळलेला. ‘या धुरात राहिलीस तर पुढचा हिवाळा निघायचा नाही,’ असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. पण पाइप सरकारातून यायचे आणि नियम होता, कौलारू घरांनाच. अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं.

“लिव की कौलं हायती म्हनून,” ती म्हणाली. “छपरातनं पाइप काडतच न्हाई मी. भितीतनं आडवा काडते, पाल्याला धग लागायची न्हाई.”

“मावशी, खोटं लिहायचं नाही. आपण नियमच बदलायला लावू. मोर्चा काढू.”

“काडा बाबा. तवर मी श्वास धरून बसते.”

आणि मी रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं : छप्पर पाल्याचे. केवढा माज होता मला त्या प्रामाणिकपणाचा! कौलं आहेत त्यांनाच फुप्फुसं असतात काय, असं मी पत्रकं छापून विचारलं, सांगलीला जाऊन साहेबांच्या टेबलावर हात आपटून विचारलं. उत्तर आलं नाही; संक्रांत आली. त्या दिवशी आयाबाया तिच्या अंगणात जमल्या, त्या वाण लुटायला नव्हे. तिला न्यायच्या आधी अंघोळीचं पाणी तापवायला तिचीच चूल पेटवली, आणि डोळे चोळत सगळ्या बाहेर आल्या. रडणं कुठलं आणि धूर कुठला, कोणालाच वेगळं करता येईना.

पुढच्या पावसाळ्यात छप्पर बसलं, भिंती विरघळून पुन्हा माती झाल्या. काळ अशा माणसांची काजळी फार लवकर धुऊन टाकतो. न धुता उरतं ते फक्त आपण बोलायला हवं होतं, आणि बोललो नाही, असं एखादं लहानसं खोटं.