रेडिओचा कैदी

बेटावर त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळच्या बोटीतून पर्यटक उतरले की धक्क्यावरच त्याचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. किल्ला, जुनी वखार, पांढऱ्या वाळूचा किनारा, कँटीनच्या बायकांचा शिंपल्यांच्या माळा घालून केलेला नाच, सगळं दाखवून संध्याकाळी माणसं परत बोटीत बसेपर्यंत तो काही थांबायचा नाही. मेला तरी चितेवरून माहिती देईल, असं बोटवाला म्हणायचा.

आज बहिणीचा फोन आला तेव्हा तो बुरुजावर तोफ दाखवत होता.

"दादा, आईला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. ती सारखी दाराकडे बघतेय रे. तू निघ."

निघ म्हणणं सोपं होतं. बेटावर बोट एकच, तीसुद्धा पर्यटकांची. लोकांना तोफेपाशी फोटो काढायला सोडून रेडिओ धावत धक्क्यावर गेला. बोटवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. ऐकून त्याचाही चेहरा उतरला.

"आत्ता काढतो. पण आधी सगळी माणसं आण. एकालाही मागे ठेवलं तर उद्यापासून माझी बोट बंद."

"मला एकट्याला सोड आणि परत ये."

"ओहोटी लागलीय. मी परतेपर्यंत धक्क्याला पाणी राहायचं नाही. मग ही सगळी रात्रभर इथे झोपणार का?"

रेडिओ तसाच वाळूकडे पळाला. सहलीचा मॅनेजर छत्रीखाली शहाळं पीत बसला होता. माणूस वाईट नव्हता. ऐकून हातातलं शहाळं त्यानं खाली ठेवलं.

"पाण्यात उतरलेल्यांना मी बाहेर काढतो. किल्ल्यावरचे तुम्ही घेऊन या. फक्त दवाखाना, मरण असलं काही त्यांच्यापुढे काढू नका हो. सुट्टीवर आलीत माणसं. उद्या पैसे परत मागतील."

मग रेडिओनं इतिहासाची जी कत्तल केली, ती कुठल्या शत्रूलाही जमली नसती. तीन गव्हर्नर त्यानं एका वाक्यात मारले. चार महिन्यांचा वेढा पायऱ्या उतरता उतरता उठवला. वखार लांबूनच दाखवली आणि म्हणाला, "आत अंधार आहे, बाकी काही नाही." लोक हसले. त्यांना वाटलं, गाईड मोठा गमत्या आहे. टोपीवाल्या एका आजोबांनी भिंतीवर हात ठेवून विचारलं, की हा दगड इथलाच का बाहेरून आणलेला? रेडिओला नुसतं 'इथलाच' म्हणून सुटता आलं असतं. पण जिभेला मेली सवय. दगडाची गोष्ट, त्यावरचा नेहमीचा विनोद, सगळं बाहेर पडलं, आणि शेवटचं वाक्य बोलताना त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"चला, बोटीकडे चला," तो म्हणाला.

"आणि कैदी?" मावशींनी विचारलं.

या मावशी कुणाच्या सख्ख्या नव्हत्या. पण सकाळपासून सगळा गट त्यांना मावशीच म्हणत होता आणि मॅनेजरपेक्षा त्यांचं जास्त ऐकत होता. त्या कोठडीसमोरच्या कठड्यावर ऐसपैस बसल्या. त्या बसल्या म्हणून बाकीचेही बसले.

"माझी नणंद गेल्या वर्षी येऊन गेली. ती म्हणाली, वहिनी, एक वेळ समुद्र बघू नका, पण तो कैदी चुकवू नका."

खरं म्हणजे इतिहासात असा कैदी नव्हताच. त्याला रेडिओनं जन्माला घातला होता. नुसते दगड बघून लोक जांभया द्यायचे, म्हणून त्यानं या कोठडीत एक तरुण कोंडला. पलीकडे त्याची आई आजारी पडते, आणि तो गज धरून पहारेकऱ्याला विनवतो, मला एक होडी द्या. रेडिओ हे रोज करून दाखवायचा आणि बायका रोज रडायच्या. रेडिओची आईसुद्धा एकदा बघायला आली होती. परत जाताना बोटीत म्हणाली, "रोज मला मारतोस आणि त्याच पैशांची भाजी मलाच खाऊ घालतोस. बरा आहेस." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली होती.

रेडिओ कोठडीच्या दारात उभा राहिला. "ही कोठडी. इथे कैदी होते. ते मेले. चला."

पुन्हा हशा. कुणी उठेना. खाली पाणी उतरत चाललं होतं, ओल्या खडकांची काळी पट्टी रुंद होत होती. आणि त्याला भीती वाटली. लहान पोराला जत्रेत आई दिसेनाशी झाली की वाटते तशी. मॅनेजरचं बोलणं, नोकरी, सगळं त्यानं सोडून दिलं.

"माझी आई जातेय हो," तो म्हणाला. "पलीकडे दवाखान्यात आहे. दाराकडे बघतेय. मला बोट हवीय. तुमच्या पाया पडतो, चला."

 तो गजाला धरून खाली बसला. पुढचे शब्द फुटलेच नाहीत, नुसता आवाज आला.

 मग टाळ्या सुरू झाल्या. टोपीवाल्या आजोबांनी टोपी काढली. मावशी डोळे पुसत होत्या.

"नणंदेनं सांगितलं ते काहीच नाही."

"मावशी, हे खरं आहे. माझी स्वतःची आई."

"अहो, तेच म्हणतेय मी. खरंच वाटतं अगदी." त्यांनी मोबाईल चष्म्याजवळ नेला. "अगं बाई, माझं तर बटणच दाबलं गेलं नाही. एकदा परत करा ना. मग लगेच निघू. मी स्वतः सगळ्यांना हाकत नेते बोटीवर."

त्या नेणार, हे त्याला दिसत होतं. त्या उठल्या की सगळे उठणार होते. पटवत बसण्यापेक्षा करून टाकण्यात कमी वेळ जाणार होता.

खिशातला फोन वाजला. बहीण. उचलला तर काय ते कळणार होतं. उचलला नाही तोवर आई दाराकडे बघत होती.

"तो बंद करा हं," मावशी मोबाईल समोर धरत म्हणाल्या, "रेकॉर्डिंगमध्ये आवाज येईल."

रेडिओनं फोन बंद केला, गज धरले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.