कपाटाच्या पायाखालची चुंबळ

डोकं आणि ओझं यांच्यामध्ये चार बोटं जागा असते. त्या जागेत माझं आयुष्य गेलं. मी चुंबळ. मला कुणी बाजारातून आणत नाही, कुणी जपून ठेवत नाही; पण ओझं उचलायची वेळ आली की पहिला हात माझ्याकडेच येतो.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी एक वस्ती आहे. तिथल्या माणसांना गावाच्या विहिरीत पोहरा टाकू देत नाहीत. ती नदीच्या वाळूत झिरा खणतात आणि वाटीवाटीने पाणी भरतात. त्या वस्तीत मनकर्णाबाईने मला केलं. तिचं हिरवं लुगडं विरलं तेव्हा तिने त्याच्या लांब चिंध्या फाडल्या, पीळ देऊन वेटोळं केलं आणि वरून सुतळी गुंडाळली. तिचा नवरा नत्थुजी हमाल होता.

खरं तर चुंबळीला शोभते पाण्याची घागर. माझ्या वाट्याला आली सरकीची पोती, लोखंडी पेट्या, लाकडाचे ओंडके. नत्थुजीच्या मानेवर एक गाठ होती. त्याच्या हातून आजवर एकही वस्तू पडली नव्हती, याचा त्याला फार अभिमान.

वामनराव मास्तर काशीहून शिकून आले तेव्हा मी दोन वर्षांची होते. अंगात खादी, आवाजात आग. संध्याकाळी नदीच्या वाळूत उभे राहून ते बोलत, की विहिरी मोकळ्या करा, दारं उघडा, माणसाचा विटाळ मानणारा धर्म कसला? एकदा ते आमच्या झोपडीत आले आणि मनकर्णाबाईच्या हातचा चहा प्यायले. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. बोलताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत. तेच तर दुःख आहे.

पुढे त्यांनी नदीपलीकडच्या नव्या वस्तीत घर बांधलं. जुन्या गावातलं सामान गावाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं होतं. ते हमालांच्या अड्ड्यावर आले. तिथे अब्दुल गफ्फार आपल्या ओढायच्या ठेल्याला टेकून बसला होता.

"मास्तर, ठेला घ्या. चार खेपांत सारं पल्याड."

"भाडं झेपायचं नाही रे मला," वामनराव म्हणाले.

"तं मंग सोताच उचला, बाप्पा! भाषनात तं रोज सांगता का ज्याचं काम त्यानंच करावं."

अड्डा हसला. वामनरावही हसले आणि नत्थुजीकडे वळले. "नत्थुजी, मला हमाल नको, भाऊ हवा आहे. अक्षय तृतीयेला नव्या घरात पाण्याची पहिली घागर जाईल ती तुमच्या डोक्यावरून. मोठ्या दारातून. साऱ्या गावादेखत."

नत्थुजीच्या हातात मी होते. त्याची बोटं माझ्यावर आवळली.

"खरं सांगता, मास्तर?"

"शब्द देतो."

"मंग मजुरीचं नाव काढू नोका. भावाच्या घरी कोन मजुरी घेते?"

गफ्फार म्हणाला, "नत्थुभाऊ, संध्याकाळी तो मान तव्यावर शेकजो. चटनीसंगं गोड लागन."

मनकर्णाबाई घरी आणखी कडू बोलली. "म्हंजे ओझं तुमचं अन् भाऊपन त्यायचं?"

"तू पाहाले येजो, अन् मंग बोलजो."

"येईन ना. फाटकापाशीच उभी राहीन, म्हंजे लवकर परत फिरता येईन."

असं म्हणाली खरी. पण सणाच्या आदल्या दिवशी तिने त्याचं पागोटं तीनदा धुतलं.

मुहूर्ताच्या दिवशी उजाडल्यापासून खेपा सुरू झाल्या. पुस्तकांच्या पेट्या, पलंग, जात्याच्या दोन तळ्या. सागवानी कपाटाला चौघं लागले. नत्थुजीने आपल्या शब्दावर गफ्फारला आणि आणखी दोघांना आणलं. गफ्फार म्हणाला, "मी तुह्यासाठी येऊन राहिलो. भाषनासाठी नाही." खाली वाळू तापलेली. पुढे वामनराव छत्री धरून चालत होते. दुसऱ्या हातात भिंतीवरचं घड्याळ. सगळ्या घरात त्यांनी उचललेली ती एकच वस्तू.

सकाळभर नत्थुजी मोठ्या दारातून आत-बाहेर करत होता. कुणी अडवलं नाही. वामनरावांच्या आई दुर्गाबाई स्वतः सांगत होत्या, "कपाट त्या भिंतीला. जरा उजवीकडे सरकव." नत्थुजीला वाटलं, दार उघडलं. ओझ्याखालूनही तो हसत होता, हे मला त्याच्या कपाळाच्या सुटलेल्या आठ्यांवरून कळत होतं.

इथेच तो चुकला. पाण्याची घागर आत जाईपर्यंत त्या घराला कुणी घर मानत नाही. तोवर त्या नुसत्या भिंती. भिंतींना विटाळ होत नाही. गवंडी, सुतार, हमाल, सगळ्यांनी त्यात फिरावं. पाणी चुलीपाशी पोचलं की त्यांचं घर होतं, आणि मग उंबरठा माणसं ओळखू लागतो.

दुपारी पाहुणे जमले: शाळेतले इतर मास्तर, वकील, दोन-तीन पुढारी. नत्थुजीने पहाटेच वस्तीपासून लांब, वरच्या अंगाला नवा झिरा खणला होता. गढूळ पाणी तीनदा उपसून टाकलं होतं. कुंभाराकडून नवी लाल घागर आणली होती. त्याने पाय धुतले, पागोटं बांधलं, वर मला ठेवलं आणि माझ्यावर घागर. माझ्या चिंध्यांत गारवा झिरपला. जन्मल्यापासून मी ज्याची वाट पाहत होते ते हेच.

दारात दुर्गाबाई ओवाळायचं तबक घेऊन उभ्या होत्या. नत्थुजीला पाहून त्यांचा हात थांबला.

"वामन, हे काय?"

"आई, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, बोलतोस तसंच बोलला असशील." त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "सकाळपासून मी काही म्हटलं का? पण हे पाणी चुलीपाशी जायचंय. ही घागर त्याच्या डोक्यावरून आत आली तर मी बाहेर."

वामनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी आईकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी नत्थुजीकडे.

"नत्थुजी, द्या ती घागर माझ्या डोक्यावर. तुमचं ओझं आज मी वाहतो. यातही तुमचाच मान आहे."

नत्थुजी हलला नाही. पाण्याचा एक थेंब माझ्यातून ओघळून त्याच्या कानामागे गेला. मग तो वाकला.

"घ्या."

घागर वामनरावांच्या डोक्यावर ठरेना. ते म्हणाले, "ती चुंबळही द्या."

म्हणून मी आत गेले. बारा पावलं. त्यांची मान कोवळ्या भेंडीसारखी लवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वकील ओरडले, "याला म्हणतात समता!"

आत दुर्गाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. घागर न्हाणीत रिकामी झाली आणि परसात पाखरांसाठी ठेवली गेली. चुलीपाशी तांब्याची कळशी आधीच भरून ठेवलेली होती. वामनरावांनी ते पाहिलं आणि ते पाहुण्यांना पन्हं द्यायला बाहेर गेले. फाटकापाशी हमालांच्या ओंजळीत पन्हं वरून ओतलं. नत्थुजीने ओंजळ पुढे केली नाही. मनकर्णाबाईला बोलायला जागा होती. त्याच्या पागोट्याचं सुटलेलं टोक तेवढं तिने खोचून दिलं.

संध्याकाळी कपाट डुगडुगू लागलं. मायलेकांनी खांदा लावून ते जरासं कलवलं, आणि दुर्गाबाईंनी झाडूच्या दांड्याने मला पायाखाली सरकवलं. कपाट स्थिर झालं.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी फाटकाबाहेर येऊन उभा राहिला.

"मास्तर, माही चुंबळ राहिली."

वामनराव ओशाळले. "अहो, ती कपाटाखाली गेली आहे. आता त्यात पुस्तकं भरली, कपाट आम्हा दोघांना उचलत नाही."

"मी उचलतो ना."

वामनरावांनी मागे घराकडे पाहिलं. चुलीवर भात रटरटत होता. फाटकाची कडी त्यांनी काढली नाही.

नत्थुजी म्हणाला, "राहू द्या, मास्तर. तिले तं आत जागा भेटली. तेच लई झालं."

तेव्हापासून मी इथेच आहे. ज्यांना कपाट उचलता येतं त्यांना आत येता येत नाही; जे आत आहेत त्यांना ते उचलत नाही. वर पुस्तकं वाढताहेत. वामनरावांनी एका मासिकात लेख लिहिला, आपल्या नव्या घरात पहिली घागर आपण स्वतः डोक्यावरून कशी नेली याबद्दल. तो अंकही माझ्याच डोक्यावर आहे.

लोकहो, तुम्हीही कधी घर बदलाल. दुसऱ्याच्या मानेवर बदलाल, आणि ते स्वस्तात कसं झालं हे चारचौघांत सांगाल. माझं मागणं एवढंच: त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवा. तिच्या जागी मान देऊ करू नका, जर तो उंबरठ्यापर्यंतच पुरणार असेल.

नत्थुजी अजून या रस्त्याने जातो. डोक्यावर ओझं असलं की त्याचं डावं पाऊल जड पडतं. मला ते ओळखू येतं. माझ्या जागी तो आता गोणपाटाची घडी घेतो म्हणे. मनकर्णाबाईने दुसरं लुगडं फाडलं नाही.

त्या घागरीचा गारवा माझ्यात चार दिवस होता. नंतर वाळला.