चित्राविना आवाज

चॅनलविरुद्ध पहिली तक्रार आली तेव्हा चिमीला वाटलं, कोणाची तरी चूक झाली असेल, होईल नीट. दुसरी आली तशी तिने चॅनलचे नियम काढून बघितले. तिसरी आली की चॅनल कायमचं बंद. शिवाय ज्या गेमचे भाग ती टाकायची, तो बनवणाऱ्या कंपनीचं पत्र: शुक्रवारपर्यंत सगळे भाग स्वतःहून काढा, नाहीतर तिसरी तक्रार करू आणि कोर्टात जायचं की नाही तेही ठरवू.

चिमी म्हणजे कोणी पोर नव्हे बरं. एक्केचाळीस वर्षांची बाई, दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावते. चिमी हे नाव तिच्या दादाने पाडलं आणि ते तिला जन्माचं चिकटलं. हा दादा छापखान्यात मशीन चालवायचा. चार वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. त्याचा एकच शौक होता, जंगलातून हिंडायचा एक गेम. डोळे गेल्यावर त्याने गेमचं नावच टाकलं. मग चिमीने तो हातात घेतला. ती खेळायची आणि मोठ्याने सांगायची, "डावीकडे ओढा आहे, फळी निसरडी आहे, पलीकडे धूर दिसतोय. जाऊ का?" दादा म्हणायचा, "जा की! घाबरतेस कशाला?"

ती कामावर गेली की त्याला ऐकायला मिळावं म्हणून तिने रेकॉर्ड करून ते चॅनलवर टाकायला सुरुवात केली. दादाने एका मित्राला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. बघता बघता एकशे बारा भाग आणि तीनशेच्या वर ऐकणारे झाले, बहुतेक दादासारखेच न दिसणारे.

आणि हो, कंपनीच्या अटी तिने वाचल्या होत्या. एकदा नाही, तीनदा. 'आमच्या गेमचा व्हिडिओ करा, वर तुमचं बोलणं घाला, खुशाल दाखवा.' मग घोडं पेंड खातं कुठे? तर बाईंनी चित्र काढून टाकलं. ऐकणाऱ्यांना दिसत नाही, मग चित्र हवं कोणाला? काळा पडदा आणि आवाज, फाईल हलकी, काम झटपट. कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून मूळ चित्रंही पुसली. तिला वाटलं, परवानगीपेक्षा कमीच घेतोय आपण. कमी घेतल्याबद्दल कोणी पकडेल असं कोणाच्या डोक्यात येईल?

"अटींतलं एकोणिसावं कलम," नणंद चष्मा वर सारत म्हणाली. नणंद वकील, पण घरांच्या खरेदीखतांची. "गेममधला आवाज चित्रापासून वेगळा करून देता येणार नाही. वहिनी, हे गाणी चोरणाऱ्यांसाठी लिहिलंय. सापडलात मात्र तुम्ही."

"पण मी तर..."

"तक्रारीवर हरकत घेता येते. पण तुमचं नाव, पत्ता घालून शपथेवर सांगावं लागेल की हा माझा हक्क आहे. आहे का?"

हक्क? चिमीने तर नुसतं ओढ्यावरून चालवलं होतं कोणाला तरी.

"त्यापेक्षा परवानगी मागा," नणंद म्हणाली. "कोणासाठी करताय ते लिहा."

दादाला सांगितलं तर म्हणाला, "लिही बाई. माझा फोटोबिटो लावू नकोस म्हणजे झालं. दाढी केलेली नाही."

त्याला थट्टा सुचत होती. इकडे हिचा जीव टांगणीला. दवाखान्यात एका म्हाताऱ्यांना तिने रविवारची वेळ दिली, ते बिचारे बंद दाराशी उभे राहून परत गेले. दर दहा मिनिटांनी ती फोन बघायची.

कंपनीचं उत्तर गुरुवारी दुपारी आलं. भाषा लोण्यासारखी. तुमच्या कामाचं कौतुक वाटतं, पण एकाला वेगळी परवानगी देता येत नाही. चित्रासह टाकल्यास आमची काहीच हरकत नाही. आता बोला! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्र लावा. आणि चित्रं तर तिने स्वतःच्या हातांनी पुसलेली.

संध्याकाळी तिने भाग काढायला घेतले. दर वेळी मशीन विचारायचं, नक्की काढायचं का? एकशे बारा वेळा तिने हो म्हटलं. दादा शेजारी बसून मोजत होता. साठाव्या भागाला म्हणाला, "हा गुहेतला ना?" ती नुसतं हं म्हणाली. चॅनल वाचलं, पण आत काही उरलं नाही.

रविवारी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी चित्रासकट. बाजूला अटींचं पान उघडं ठेवलं होतं.

"समोर... समोर वाट आहे. उजवीकडे, थांब हं." तिने अटींच्या पानावर नजर टाकली. "उजवीकडे झाडं आहेत." लांबून गेममधलं संगीत सुरू झालं तशी तिने घाईघाईने गेमचा आवाज बारीक केला. काही चुकलं तर? पुन्हा पत्र आलं तर?

"पाखरांचा आवाज कुठे गेला गं?" दादाने विचारलं. "आणि तू इतकी हळू का चालतेयस?"

"चालतेय की रे." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने रेकॉर्डिंग थांबवलं. "दादा, मध्ये बोललास ना, तो तुझा आवाज आत आलाय. राहू दे ना तो? तुझी काही हरकत नाही ना?"

दादा हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. हात पुढे करून त्याने तिचा खांदा चाचपला.

"चिमे," तो म्हणाला, "आता माझीसुद्धा परवानगी मागायला लागलीस?"