तबकडीवरची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. उंचीने हातभरही नाही, पण वरची फळी ऐसपैस. गेली कित्येक वर्षं माझ्यावर टेलिफोन ठेवलेला असे. येणारे-जाणारे टेलिफोनकडे बघत, माझ्याकडे कोणी बघत नसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याला उंच करणं हेच ज्याचं काम, त्याने कौतुकाची वाट बघू नये.

माझा जन्म एका फिल्म स्टुडिओच्या सुतारखोलीत झाला. एका सिनेमासाठी बांधलेल्या महालाचा दरवाजा शूटिंग संपल्यावर मोडला आणि त्याच्या उरलेल्या फळ्यांतून सुतारकाकांनी मला घडवलं. निमित्त होतं एका ठेंगण्या गायिकेचं. सगळे त्यांना छोटीबाई म्हणत. गाण्याच्या खोलीत तेव्हा सगळ्यांसाठी मिळून एकच मायक्रोफोन असे, आणि तो मोठ्या गायकाच्या तोंडाशी येईल असा बांधलेला होता. छोटीबाई त्या गायकाच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. "मायक्रोफोन जरा खाली घेऊ या," असं त्याला सांगण्याची कोणाची छाती नव्हती. म्हणून बाईंनाच वर घ्यायचं ठरलं.

"तीनच पाय? तीन तिघाडा काम बिघाडा!" मला पाहून व्हायोलिनवाला हसला.

"चार पायांचं डुगडुगतं, तीन पायांचं नाही," काका म्हणाले. "तू आपलं व्हायोलिन सांभाळ."

बाई चपला काढून माझ्यावर चढत. त्यांचा सूर इतरांना कानांनी कळे, मला तो आधीच तळव्यांतून कळत असे. वरचा सूर यायचा असला की त्यांच्या पायाची बोटं माझी फळी घट्ट धरत आणि त्या किंचित मागे रेलत. तेवढ्याने सूर मायक्रोफोनवर आदळत नसे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्या काळी गाणं एका दमात व्हावं लागे. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी सकाळपासून काही ना काही बिनसत होतं. कधी बासरीवाल्याला शिंक आली, कधी ड्रमवाल्याची काडी निसटली. उन्हं कलायला आली तेव्हा कुठे सगळं जुळून आलं. शेवटच्या कडव्यात बाईंनी सर्वांत वरचा सूर घेतला, त्या मागे रेलल्या, आणि माझा मागचा पाय सांध्यात कुरकुरला.

गाणं संपल्यावर काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मध्ये आवाज आलाय. परत घ्यावं लागेल."

संगीतकार डोळे पुसत होते. "राहू दे रे. तो सूर पुन्हा असा लागायचा नाही. कुरकुर कोण ऐकत बसणार आहे?"

तबकडी बाजारात आली आणि हातोहात खपली. गल्लोगल्ली तेच गाणं. पण तबकडीवर नाव छापलं होतं ते पडद्यावर ओठ हलवणाऱ्या नटीचं. तेव्हा तशीच रीत होती. दुसऱ्या दिवशी सुतारकाका माझ्या पायाला खिळा ठोकायला आले, तेव्हा बाई तिथे येऊन बसल्या.

"आईने तबकडी उलटसुलट करून पाहिली," त्या म्हणाल्या. "मग विचारते, अगं, तू रोज जातेस तरी कुठे?"

काकांनी हातोडी उचलली. बाईंनी माझ्या फळीवर हात ठेवला. "खिळा नको, काका. माझं नाव नाही त्या तबकडीवर. हिची कुरकुर तरी आहे."

काकांनी गाण्यांसाठी दुसरी तिवई केली आणि मला बाई घरी घेऊन आल्या. नव्या तिवईवर मात्र त्या चढेनात. आधी नाव छापा, मग गाते, असं त्यांनी स्टुडिओच्या मालकांना तोंडावर सांगितलं. मालकांनी इतर आवाज आणून पाहिले. ते लोकांना पटेनात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं झालं. पुढच्या तबकड्यांवर बाईंचं नाव आलं. त्या एका गाण्यावर मात्र नटीचंच राहिलं.

पुढे बाईंना मानसन्मान मिळाले, भिंतीवर फोटो चढले. माझ्यावरचा टेलिफोन दिवसभर वाजायचा. मग नवे आवाज आले, तो अधूनमधून वाजू लागला, आणि शेवटी चुकून नंबर लागला तरच. बाई गायच्या थांबल्या. घरात गाण्याचा विषयही क्वचितच निघे.

बाईंचे जावई हौशी आहेत. घरातलं काही हललं की त्यांचे हात शिवशिवतात. मध्यंतरी त्यांनी टेलिफोन उचलला, मला आडवं केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. "फार कुरकुरते ही. एक स्क्रू पिळला की गप्प बसेल." मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. मी गप्प झाले असते तर बाईंकडे काय उरलं असतं?

तेवढ्यात रेडिओवर ते गाणं लागलं. निवेदकाने नटीचं नाव घेतलं.

"आजी," नातीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "हे तू गायलंस म्हणतेस ना? रेडिओवर तर दुसरंच नाव सांगतायत!"

बाई बाहेर आल्या. आधी त्यांना स्क्रू-ड्रायव्हर दिसला.

"थांबा!"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. जावयांनी मला मुकाट्याने उभं केलं.

"ये इकडे," बाई नातीला म्हणाल्या. "हिच्यावर उभी राहा. आता नीट ऐक."

शेवटचं कडवं आलं. तो सूर वर गेला आणि रेडिओतून बारीकशी कुरकुर ऐकू आली.

"आता मागे रेल."

नात रेलली. मी कुरकुरले.

जावयांनी स्क्रू खिशात टाकला. नात पुन्हा एकदा रेलली, मग आजीकडे बघत राहिली. "तूच होतीस," ती म्हणाली. बाईंनी नुसती मान हलवली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त स्क्रू पिळण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. आता घरी कोणीही आलं की नात रेकॉर्ड लावते आणि पाहुण्याला माझ्यावर उभं करते. टेलिफोन हल्ली जमिनीवर असतो.